खोपा नेमका विणतं कोण?

मराठी शाळेत शिकलेल्या कुणालाही विचारा, सुगरण पक्ष्याचा खोपा कोण बांधतं? उत्तर ठरलेलं: सुगरण, म्हणजे मादी. नावच तसं आहे. त्यात बहिणाबाई चौधरींची खोप्याची कविता आपण सगळ्यांनी वर्गात एका सुरात म्हटलेली. पिलांसाठी जीव टाकणारी आई आणि तिनं झाडाला टांगलेलं घर हे चित्र एकदा मनात बसलं की निघत नाही. उर्दू माध्यमात शिकलेल्यांनी 'बया' हा शब्द ऐकलेला असतो, पण चित्र तेच.

प्रत्यक्षात खोपा विणतो तो नर. गवताची आणि पात्यांची लांब धांदोटी फाडून आणायची, फांदीला गाठ मारायची, मग कडं, मग त्याच्यावर शिरस्त्राणासारखा घुमट. इतकं झालं की तो थांबतो, पंख फडफडवतो, ओरडतो. माद्या येतात, आत शिरून बघतात, चोचीनं ओढून बघतात. पसंत पडलं नाही तर निघून जातात. एखादीनं घर पसंत केलं की मगच नर खाली लोंबणारी ती लांब नळी विणून काम पुरं करतो. मादी अंडी घालून बसते, आणि हा पठ्ठ्या शेजारच्या फांदीवर दुसऱ्या खोप्याला लागतो, दुसऱ्या मादीसाठी. विहिरीवरच्या बाभळीला जे अर्धवट खोपे लटकलेले दिसतात, ते बहुतेक असे नापसंत झालेले असतात.

हे सगळं बारकाईनं पाहून लिहिलं सलीम अलींनी. बर्लिनहून पक्षिशास्त्राचं शिक्षण घेऊन ते १९३० मध्ये मुंबईला परतले, तेव्हा संग्रहालयातली त्यांची मार्गदर्शकाची नोकरी गेलेली होती. मुंबईत भाडं भरून राहणं परवडेना, म्हणून बायको तहमीनासोबत ते अलिबागजवळ किहीमला जाऊन राहिले. तिथे जवळच सुगरणींची वसाहत होती. हातात काम नसलेला माणूस पावसाळाभर त्या पक्ष्यांकडे बघत बसला, आणि १९३१ मध्ये त्यावरचा त्याचा लेख बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. किहीमच्या लोकांनी ते खोपे जन्मभर पाहिले होते. बघत बसायला वेळ असलेला आणि बघितलेलं लिहून ठेवणारा हा पहिला.

बहिणाबाई चुकल्या असं मला म्हणायचं नाही. त्यांच्या कवितेमुळेच तर आपण मान वर करून खोप्याकडे बघायला शिकलो. कवितेनं मान वर करवली, गद्यानं ती तशीच ठेवून तासभर थांबायला लावलं. निसर्गाबद्दलचं लेखन माणसाची नजर बदलतं ते या दोन पायऱ्यांनी, असं मला वाटतं. पहिली पायरी सोपी असते. दुसरीला चिकाटी लागते, आणि आपल्याकडे, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या मराठी बोलणाऱ्या मुसलमान पोरांच्या जगात, ती दुसरी पायरी जवळजवळ नाहीच.

आधी पहिलीबद्दल बोलू. आपल्याला वाटतं आपल्या तहजीबमध्ये निसर्ग भरपूर आहे. गजल घ्या, बुलबुल आहे, गुल आहे, सर्व आहे, नर्गिस आहे. पण हा बुलबुल कोणता? फारसी शायरीतला बुलबुल म्हणजे नाइटिंगेल, इराणच्या बागेत रात्री गाणारा पक्षी. आपल्या खिडकीबाहेर तुरा उभारून बसणारा, शेपटीखाली लाल ठिपका असलेला लालबुड्या बुलबुल हा वेगळ्याच कुळातला. नाव तेच आणि पक्षी निराळा. सर्व म्हणजे सायप्रस, तो आपल्या गावात कुणी पाहिला? शेकडो वर्षं आपण एका बागेबद्दल शेर म्हणत आलो आणि ती बाग शिराजची होती. आपल्या अंगणात होता कडुलिंब, शेवगा, सीताफळ. त्यांच्यावर दीवान नाहीत. गजलेला मी नावं ठेवत नाही, मला ती आवडते. पण तिच्यातला पक्षी पक्षी नसतो, आशिक असतो.

इकबालच्या शाहीनचंही तेच. आपल्यातल्या निम्म्या पोरांच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर कधी ना कधी शाहीन येऊन गेलेला असतो, आणि सोबतचा फोटो बहुतेक वेळा पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन गरुडाचा! खरा शाहीन हा बहिरी ससाण्याचा आपल्याकडचा भाऊबंद, आणि तो सह्याद्रीच्या कड्यांवर राहतो. छाती तांबूस, डोकं काळं, आकारानं कावळ्याएवढाच. ज्या पक्ष्याच्या नावानं आपण खुदी आणि हिंमत शिकलो, तो पुण्याहून दीड-दोन तासांवरच्या एखाद्या कड्यावर कबुतरामागे सूर मारत असतो, आणि आपल्याला त्याची ओळख पटत नाही. प्रतीक एवढं मोठं झालं की खुद्द पक्षी त्याच्या सावलीत गेला.

मात्र आपल्या परंपरेत दुसरी पायरी कधी नव्हतीच असं कुणी सांगितलं तर त्याला बाबराची आठवण द्या. राजकारणात बाबराचं नाव कशासाठी निघतं ते तुम्ही जाणताच, मी त्यात शिरत नाही. बाबरनामा उघडून हिंदुस्थानचं वर्णन काढा. हा माणूस इथल्या उकाड्याला, धुळीला, खरबुजांच्या उणिवेला मनसोक्त शिव्या देतो, आणि मग शांतपणे हत्ती, गेंडा, मोर, पोपट, आंबा, फणस असं एकेक लिहीत जातो. फणस त्याला मेंढीच्या पोटातल्या कोथळ्यासारखा दिसला, ते तो दिसला तसं लिहितो. आणि बेडूक! इथले बेडूक पाण्याच्या पृष्ठभागावरून सहा-सात गज पळत जातात, अशी त्यानं नोंद केली आहे. कुठल्याही तळ्याकाठी पाय आपटून बघा, लहान बेडूक पाण्यावरून चपटा दगड टप्पे घेत जावा तसे आजही पळतात. नव्यानं जिंकलेल्या मुलखात, चहूकडे शत्रू असताना, या बादशहाला बेडकाकडे बघायची फुरसत होती.

त्याचा पणतू जहांगीर तर या बाबतीत वेडाच. त्यानं सारस पक्ष्यांची एक जोडी पाळली, त्यांची नावं ठेवली लैला आणि मजनू. त्यांचं जुळणं, अंडी घालणं, कोण किती वेळ अंड्यांवर बसतं, कोण पहारा देतं, हे त्यानं आपल्या तुजुकमध्ये लिहून ठेवलं. त्याच्या दरबारी उस्ताद मन्सूर होता, ज्याची पक्ष्यांची चित्रं आजही पक्षितज्ज्ञ पारखून बघतात. मुघल बादशहांच्या या बाजूवर १९२७-२८ मध्ये एक लेखमाला लिहिली गेली. लिहिणारा कोण? तोच, सलीम अली. गजलेतल्या बुलबुलाशेजारी आपल्याकडे हाही एक धागा होता. तो अधूनमधून तुटत आला, इतकंच.

सलीम अलींविषयी थोडं अजून. मी औरंगाबादचा. दिल्ली गेटबाहेर, हिमायत बागेसमोर जे तळं आहे त्याला सगळे सलीम अली तालाब म्हणतात. लहानपणी मला वाटायचं कुणी बुजुर्ग, वली असणार, म्हणून तळ्याला नाव. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचं नाव खिजरी तालाब. खेतवाडीत वाढलेला, लहानपणीच आईबाप गेलेला, मामाच्या घरी लहानाचा मोठा झालेला हा सुलेमानी बोहरा पोरगा छर्ऱ्याच्या बंदुकीनं चिमण्या मारायचा. एका मेलेल्या चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. मामांनी, अमीरुद्दीन तय्यबजींनी, त्याला नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्ड साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी चिमणीचं नाव सांगितलं, आणि कपाटं उघडून पेंढा भरून ठेवलेले इतर पक्षीही दाखवले. पुढचं आयुष्य त्यातून निघालं. विद्यापीठाची रीतसर पदवी त्यांच्याकडे नव्हती, आणि त्यापायी सरकारी सर्वेक्षण खात्यातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. माझ्यासारख्या पदवीधर अभियंत्यानं हे वाक्य दोनदा वाचावं असं आहे.

१९४१ मध्ये त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक आलं. त्याची करामत अशी की ते शास्त्रज्ञांसाठी नव्हतंच. चिमणीपेक्षा मोठा की लहान, शेपूट लांब की आखूड, कुठे बसतो, कसा उडतो, अशा साध्या खुणांवरून कुणालाही पक्षी ओळखता यावा. तुरुंगात असलेल्या नेहरूंनी हे पुस्तक मुलीला पाठवलं. इंदिरा गांधींनी पुढे स्वतः लिहून ठेवलं आहे की तोवर पक्षी असतात एवढंच त्यांना ठाऊक होतं, या पुस्तकानं डोळे उघडले. पन्नास वर्षांत एका पुस्तकानं काय काय घडवलं याचा हिशेब मांडायचा तर हे एक वाचक पुरे. केरळात कुंतीपुळा नदीवर धरण होणार होतं, सायलेंट व्हॅलीचं जंगल बुडणार होतं, सिंहपुच्छ वानरांचं घर जाणार होतं. सलीम अलींसारख्या शास्त्रज्ञांनी विरोध केला, केरळ शास्त्र साहित्य परिषदेनं गावोगाव समजावलं, आणि मलयाळम कवी-लेखक रस्त्यावर आले. सुगतकुमारींची झाडावरची एक कविता तर या आंदोलनाचं जणू प्रार्थनागीत झाली. प्रकल्प रद्द झाला, १९८४ मध्ये तिथे राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं. निर्णय घेणाऱ्या खुर्चीत पक्ष्यांचं पुस्तक वाचलेली व्यक्ती बसलेली होती, हे विसरून चालणार नाही.

केरळचा विषय निघालाच आहे तर वैकोम मुहम्मद बशीर यांची 'भूमीचे वारसदार' या अर्थाच्या नावाची कथा मिळाली तर जरूर वाचा. एक माणूस नारळीची बाग विकत घेतो. कागदावर तो मालक. पण मग पक्षी येतात, फुलपाखरं, मुंग्या, साप, वटवाघळं, सगळे आपापला हक्क सांगत येतात. वटवाघळं शहाळी खातात म्हणून बायको वैतागलेली, आणि हा म्हणतो, वारसदार तेही आहेत. साधी घरगुती, हसू येणारी गोष्ट. पण ती वाचून सातबाऱ्याकडे पूर्वीच्या नजरेनं बघता येत नाही. याच्या हजार वर्षं आधी, दहाव्या शतकात, बसऱ्याच्या इख्वान-उस-सफांनी जनावरांचा खटला लिहिला होता. जिन्नांच्या बादशहासमोर सगळे प्राणी माणसाविरुद्ध फिर्याद मांडतात आणि माणसाला आपण श्रेष्ठ कशावरून हे सिद्ध करावं लागतं. कुरआनातल्या सूरांची नावं तर आपण रोज घेतो, नहल, नमल, अन्कबूत, मधमाशी, मुंगी, कोळी. मदरशात आम्ही ती पाठ केली. पण खिडकीत जाळं विणणाऱ्या कोळ्यासमोर कुणी नेऊन बसवलं नाही.

आता कडू भाग. पक्ष्यांवर जीव लावणारा माणूस माणसांशीही बरा वागेल, असं कुणी समजू नये. इंदिराबाईंच्या आणीबाणीत, १९७६ मध्ये, तुर्कमान गेटला काय झालं ते आपल्या घराघरात सांगितलं जातं. आणि हा प्रश्न एका पंतप्रधानापुरता नाही, निसर्गलेखनाच्या मुळाशीच तो आहे.

भरतपूरचं उदाहरण घेऊ. तिथल्या पाणथळीवर, केवलादेवला, सलीम अलींचा विशेष जीव. ती वाचली यात त्यांचा मोठा वाटा. आसपासच्या गावांची गुरं, म्हशी तिथे चरायच्या. पक्ष्यांसाठी हे वाईट, गुरं बंद झाली पाहिजेत, असं मत पक्षीप्रेमींनी मांडलं, सलीम अलींनीही मांडलं. राष्ट्रीय उद्यान झालं, १९८२ मध्ये चराई बंद झाली, गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला, माणसं मेली. पुढे काय झालं? म्हशी जे गवत खात होत्या ते बेसुमार माजलं, उथळ पाणी गवतानं भरून गेलं, आणि पक्ष्यांना उतरायला, मासे धरायला मोकळं पाणी कमी पडू लागलं. हे सांगितलं कुणी? खुद्द बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्याच दहा वर्षांच्या अभ्यासानं. माधव गाडगीळांनी हे उदाहरण कित्येकदा सांगितलं. म्हशींची त्या पाण्यात काय कामगिरी आहे ते म्हशी राखणाऱ्या माणसाला विचारलं असतं तर कदाचित पहिल्याच दिवशी कळलं असतं. पण तो लिहीत नव्हता. लिहिणारे पक्षी बघत होते, म्हैस त्यांच्या दुर्बिणीत मावली नाही.

म्हणून मला हा विषय नुसत्या आवडीचा वाटत नाही. जो लिहितो त्याच्या नजरेनं जंगल दिसतं, आणि जे दिसतं त्याचेच कायदे होतात. जो लिहीत नाही तो त्या चित्रात फार तर अतिक्रमण म्हणून येतो. या वाक्याचा अर्थ आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

मराठीत या बाबतीत एक माणूस मला मोठा वाटतो, मारुती चितमपल्ली. सोलापुरात जन्मलेले, वनखात्यात नोकरी केलेले, २०२५ मध्ये गेले. नवेगावबांधच्या तळ्याकाठी राहून त्यांनी ढीवरांकडून, गोंडांकडून, माधवराव पाटलांसारख्या गावच्या जाणत्यांकडून पक्ष्यांची, माशांची, झाडांची नावं गोळा केली आणि सांगणाऱ्याचा मान राखून ती लिहिली. शब्द नव्हते तिथे त्यांनी घडवले. कावळ्यांची वसाहत ती काकागार, बगळ्यांची ती सारंगागार. दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' १९५६ चं, तेही वाचाच; पण दुर्गाबाई एकट्या बघतात आणि तुम्हाला दाखवतात, चितमपल्ली चार माणसांना सोबत घेऊन बघतात. मला दुसरी रीत जास्त हवीशी वाटते. पक्षी पकडण्याचं मीरशिकारांचं वंशपरंपरागत कसब तर नॅचरल हिस्टरी सोसायटीनंही वापरलं. पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांचा प्रवास समजून घ्यायचा, तर आधी पक्षी इजा न करता हातात यायला हवा, आणि ते बिहारच्या या मुसलमान पारध्यांना जमायचं. त्यांच्या हातांनी पकडलेले पक्षी पुस्तकांत आले. त्यांची स्वतःची पुस्तकं कुठे आहेत?

आपली आडनावं बघा ना. बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी. फळबाग, विड्याचं पान, फुलांचा अर्क, कापूस. माझ्या आजोळी सगळे बागवान. नाना डोळे मिटून देठाच्या वासावरून सांगायचे की आंबा झाडावरचा आहे की अढीतला, आणि अढीतला असेल तर कितव्या दिवसाचा. पेरू कुठल्या मळ्यातला हे सालीवरून ओळखायचे. ते गेले, त्यांच्यासोबत ते सगळं गेलं. कोकणातल्या दालदी मासेमारांना वाऱ्याची किती नावं माहीत असतील? पानमळ्यातल्या सावलीबद्दल तांबोळ्याच्या घरात काय काय बोललं जातं? हे निसर्गलेखन नाही तर काय आहे? ते फक्त कागदावर आलेलं नाही. आपण शिकलो, कंपन्यांत लागलो, आणि या गोष्टींची आपल्याला थोडी लाजच वाटायला लागली.

'निसर्ग म्हणजे ताडोबा, आणि तिथे जायला पैसे लागतात', असं एका मित्राचं मत. मुंब्र्यात राहतो. त्याच्या इमारतीच्या मागे पारसिकचा डोंगर, पुढे खाडी. गोवंडीच्या पोरांच्या एका बाजूला देवनारचं डम्पिंग, दुसरीकडे ठाण्याची खाडी, जी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे. फ्लेमिंगोवर दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत रंगीत पानं निघतात. देवनारवर घिरट्या घालणाऱ्या घारींवर कोण लिहिणार? दिल्लीत कुणीतरी ते केलं. शौनक सेन यांची 'ऑल दॅट ब्रीद्स' ही फिल्म २०२२ मध्ये आली, ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेली. वजीराबादचे नदीम आणि सऊद हे भाऊ पतंगाच्या मांजानं पंख कापल्या गेलेल्या घारी तळघरात आणून बऱ्या करतात. घार मांस खाते म्हणून तिला उपचार मिळेनात, तिथून त्यांची सुरुवात. घाणेरडं पाणी, वीज गेलेली, बाहेर दंगलीची भीती, आणि हातात घार. ती फिल्म बघितल्यावर मी घारीकडे दुसऱ्याच डोळ्यांनी बघू लागलो. आणि वजीराबादसारख्या वस्तीकडे बघण्याची इतरांचीही नजर बदलली असणार, हे काही कमी नाही.

तुम्हाला वाटेल, हे सगळं पुस्तकी. मग आमच्या मोहल्ल्याची गोष्ट सांगतो. आमच्या कब्रस्तानात जुनी चिंचेची पाच झाडं. कमिटीत ठराव आला की झाडं काढून पेव्हर ब्लॉक बसवावेत आणि जनाजासाठी पत्र्याची शेड घालावी. कारणं खोटी नव्हती. मुळांमुळे कबरी खचतात, पाला साचतो, सापाची भीती, शिवाय जागा अपुरी. त्यात एका चिंचेच्या ढोलीत पिंगळ्यांची जोडी, आणि घुबड म्हटलं की मनहूस! पर्यावरण, ऑक्सिजन वगैरे भाषणाचा काही उपयोग होणार नव्हता. मी आणि माझी खालाजाद बहीण, ती वनस्पतिशास्त्रात एमएस्सी आहे, आम्ही महिनाभर सुट्टीच्या दिवशी सकाळ-संध्याकाळ जाऊन नोंदी केल्या. खरं ज्ञान होतं ते कबरी खोदणाऱ्या चाचांकडे. कोणत्या झाडावर धनेश येऊन बसतो, पिंगळ्यांची पिल्लं कधी ढोलीबाहेर तोंड काढतात, मुंगूस कुठे राहतं, आणि मुंगूस आहे म्हणून साप किती कमी, हे सगळं त्यांनी सांगितलं. बहिणीनं दोन पानं लिहिली, एक मराठीत, एक उर्दूत. नुसती यादी नाही. कोण केव्हा येतं, काय खातं, कुठल्या झाडावर राहतं, आणि चाचांनी सांगितलेलं चाचांच्या नावानिशी. घुबडाच्या अपशकुनाची जुनी अरबी समजूत हदीसमध्ये नाकारलेली आहे, हे आमच्या इमाम साहेबांनी स्वतःहून त्यात घालायला सांगितलं. पानं मशिदीच्या फलकावर लागली. जुम्याला लोक थांबून वाचत होते. एक बुजुर्ग म्हणाले, "इतने मेहमान हैं? हमको तो किसीने बतायाच नहीं."

पाचातली दोन झाडं गेली, शेड झाली. तीन राहिली, पिंगळ्यांचं झाड त्यातच आहे. जिंकलो म्हणावं असं काही नाही. पण त्यानंतर पोरं ढोलीवर दगड मारत नाहीत, आणि चाचांना लोक पक्ष्यांबद्दल विचारतात. पूर्वी त्यांना फक्त खड्ड्याची लांबी-रुंदी विचारली जायची.

माझ्या धंद्यातले लोक म्हणतील, यासाठी लिहायची काय गरज, ॲप आहे की. आहे, माझ्याही फोनमध्ये आहे. मर्लिनला आवाज ऐकवा, क्षणात नाव सांगतं. लोकांनी ईबर्डवर टाकलेल्या लाखो नोंदींवर आज भारतातल्या पक्ष्यांची स्थिती समजते, ते काम मोलाचं आहे. पण ॲपनं नाव सांगितलं की आपण फोन खिशात टाकतो आणि पुढे चालू लागतो. लिहायचं म्हटलं की थांबावं लागतं, कारण पुढचं वाक्य काय लिहायचं ते बघितल्याशिवाय कळत नाही. आणि पिंगळ्याचा मुक्काम कुणाच्या कबरीवरच्या झाडावर आहे, त्याला चाचा काय म्हणतात, हे कुठल्या सर्व्हरवर सापडणार?

तेव्हा मोठ्या जंगलाची वाट बघू नका. भिवंडीच्या लूमच्या छपराखालची चिमणी चालेल, आणि चिमणीसाठी नाशिकच्या मोहम्मद दिलावरांनी केवढं काम उभं केलं ते माहीत करून घ्या. ज्याच्या घरात बागवान आहेत त्यानं आजोबांना आंब्याबद्दल विचारावं आणि ते बोलतील त्याच बोलीत लिहावं, दखनी असेल तर दखनीत. आमच्या गावाबाहेर बीड रस्त्याला एक पडकी विहीर आहे, आत झुकलेल्या बाभळीवर दरवर्षी खोपे लागतात. गेल्या पावसाळ्यात भाच्याला घेऊन गेलो. नऊ वर्षांचा आहे, इंग्रजी माध्यमात. पाऊण तास बसल्यावर विचारतो, "मामू, ये वाला घर लेडीज को पसंद क्यों नहीं आया?" मी म्हटलं, लिहून ठेव, उद्या परत येऊन बघू.